गाडी सजवायचा नाद आणि जोडीला चार पैसे

या महिन्याच्या टपालात आणि व्हॉट्सॲपवर आलेले बरेच प्रश्न एकाच विषयाचे निघाले, म्हणजे गाडी रंगवायचा, रॅप करायचा (म्हणजे वरून चिकटणारी व्हिनाइलची फिल्म लावायचा), जुनी गाडी उभी करायचा नाद आहे आणि नोकरी सांभाळून त्यातून काही सुटेल का. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि यातलेच पाच घेतलेत. नावं कुणाचीच छापत नाही, गाव आणि काम तेवढं ठेवलंय.

प्रश्न : काका, नमस्कार. मी हातकणंगल्याजवळचा, वय ३१, शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर ऑपरेटर आहे. पगार २२ हजार, घरी लहान पोरगं आहे. गेली काही वर्षं मित्रांच्या बुलेटच्या, पल्सरच्या टाक्या रंगवून देतो, लोकांना आवडतंय, आता ओळखीच्या बाहेरचे पण विचारायला लागलेत. एका टाकीचे १५०० घेतो, सामान माझंच. पण महिन्याच्या शेवटी हातात काही राहत नाही. दर वाढवला तर गिऱ्हाईक जाईल अशी भीती वाटते. पुढं हे पार्टटाइम म्हणून नीट करावं का, की नाद म्हणूनच ठेवावं?

उत्तर : जरूर करा, पण आधी हिशोब मांडा, कारण तुमचा सगळा घोळ त्या १५०० मध्ये आहे. पगार २२ हजार, महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे ८ तास धरले तर तुमच्या एका तासाचे कारखाना साधारण १०६ रुपये देतो. ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर मिळतो, म्हणजे २१० च्या आसपास. आता संध्याकाळी शिफ्ट संपवून दमून आल्यावर, रविवारी पोरगं सोडून तुम्ही जे काम करताय तो पण ओव्हरटाइमच आहे ना? मग त्याचा दर कमी कसा? एक टाकी खोलण्यापासून पॉलिश होईपर्यंत तुमचे हातात धरलेले तास मोजा, वाळायला ठेवलेले सोडून द्या. समजा ९ तास होतात. म्हणजे मजुरीच १९०० च्या घरात गेली. त्यावर प्रायमर, बेस, क्लिअर (वरचा पारदर्शक थर), हार्डनर, थिनर, पाणीपेपर, मास्किंग टेप, समजा ११०० चं सामान. झाले ३०००. कंप्रेसरची वीज, गनची झीज, आणि दहातली एखादी टाकी परत करावी लागते त्याचा वाटा, असं धरून साडेतीन हजाराच्या खाली ते काम परवडत नाही. तुम्ही १५०० घेताय म्हणजे सामानाचे ११०० गेल्यावर ४०० रुपयांत ९ तास राबताय. हातात काही राहत नाही ते यामुळे, तुमच्या कामात काही खोट नाहीये.

गिऱ्हाईक जाईल म्हणता, तर काही जातीलच, आणि ते जाऊ द्यावेत. जे राहतील त्यांना फरक दिसला पाहिजे, आणि तो फरक कुठं असतो ते सांगतो, झाकणाच्या तोंडाशी. पेट्रोल पंपावर नळी काढताना दोन थेंब सांडतातच. साध्या स्प्रे कॅनने किंवा नुसत्या लॅकरने रंगवलेली टाकी असली की तिथला रंग आधी मऊ पडतो, मग फुगतो, आणि महिन्या-दोन महिन्यात झाकणाभोवती सालपटं निघायला लागतात. हार्डनर घालून मारलेला टू-के क्लिअर पेट्रोलला बराच टिकतो, पण तो झाकणाच्या आतल्या ओठापर्यंत गेलेला पाहिजे. बरेच जण मास्किंग टेप ओठाच्या बाहेर लावतात, कडा उघडी राहते आणि पेट्रोल तिथूनच रंगाखाली शिरतं. तुम्ही झाकण, पेट्रोलचा कॉक, काट्याचा फ्लोट सगळं काढून, टाकी रिकामी करून, आतली वाफ पूर्ण गेल्यावरच हात लावा (रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, आत वाफ असते म्हणून, वेल्डिंगवाल्याकडे डेंट काढायला देताना तर हे दहा वेळा सांगा), ४०० चा पाणीपेपर, खड्ड्यात पुट्टी पातळ पातळ थरात, प्रायमर, मग ८०० चा पेपर, बेसचे दोन-तीन हात आणि प्रत्येक हातामध्ये थिनर उडायला वेळ, मग क्लिअर, आणि तो पूर्ण कडक झाल्यावरच २००० चा पेपर आणि कंपाउंड. गिऱ्हाइकाला टाकी देताना ही झाकणाची कडा बोट लावून दाखवा, दोन हजार जास्त का ते वेगळं सांगावं लागत नाही.

आमच्याकडं कोल्हापूर पट्ट्यात पावसाळ्यात क्लिअर मारायची घाई करू नका. हवेत दमट असलं की ताकासारखा पांढरट पडदा येतो, सगळं घासून परत करावं लागतं. जुलै-ऑगस्ट खोलणं, घासणं, पुट्टी, प्रायमर यासाठी ठेवा, ऊन पडलं की रंग. तसंही खरी गर्दी दसऱ्याच्या आधी असते, खंडेनवमीला गाडी पुजायची म्हणून लोकांना ती चकचकीत पाहिजे असते, आणि मग पाडव्याच्या आधी. आपल्या भागात ऊसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी ट्रॅक्टरवाले पण येतात, ते गिऱ्हाईक सोडू नका, मडगार्ड-बॉनेटचं काम मोठं असतं आणि बारीक नक्षीची कटकट नसते.

तब्येतीचं मी जरा जोर देऊन सांगतो कारण घरात लहान मूल आहे. टू-के हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते छातीत गेलं की दमा लागू शकतो आणि एकदा लागला की पुढं थोड्याशा वासानेही त्रास होतो. तोंडाला रुमाल किंवा साधा कापडी मास्क बांधून काहीही उपयोग नाही. केमिकल कार्ट्रिजचा मास्क घ्या, कार्ट्रिज वेळच्या वेळी बदला, अंगभर कपडे, हातमोजे, आणि हे काम राहत्या खोलीला लागून अजिबात करू नका. पडवीत रंग आणि आत पाळणा असं मी खूप घरांत बघितलंय, वाईट वाटतं. जागा नसेल तर ओळखीच्या पेंटरचं बूथ तासावर घ्या, मी तरी तेच सांगेन, पहिल्या वर्षी स्वतःचं बूथ, मोठा कंप्रेसर, कर्ज यातलं काहीच नको. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारापर्यंत मिळतं हे खरंय, पण हप्ता महिन्याला येतो आणि गिऱ्हाईक हंगामाला.

कागदपत्रांचं थोडक्यात. पहिलं म्हणजे कंपनीचं अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा, दुसरा व्यवसाय करणार नाही असं कलम असतं बऱ्याच ठिकाणी, तसं असेल तर एचआरला लेखी विचारा, चोरून करू नका, एमआयडीसीत कुणाचं काही लपत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधारवर ऑनलाइन होते आणि ती फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की समजा सरकारी नाही. महाराष्ट्रात मोजकेच कामगार असले तर शॉप ॲक्टला फक्त सूचना द्यावी लागते. जीएसटी सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. इन्कम टॅक्सचं रिटर्न मात्र नुसत्या पगाराच्या फॉर्मवर चालणार नाही, धंद्याचं उत्पन्न दाखवावं लागेल, ते एकदा जवळच्या सीएकडून समजून घ्या.

आणि सामानाचे पैसे आगाऊ. "घरचाच आहेस की, नंतर बघू" म्हणणाऱ्यालाच आधी सांगा.

प्रश्न : मी नाशिकची, वय २२, शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजमधल्या मुलांच्या गाड्यांना मी व्हिनाइल रॅप आणि ग्राफिक्स करून देते, डिझाइन पण माझीच. आम्ही दुसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतो. बाबा म्हणतात अनोळखी पोरं घरी यायला नकोत. आणि दुकानवाले मुलगी बघून काम देताना विचार करतात. कधी कधी महिन्याभरात कडा सुटतात, तेव्हा फार लाज वाटते. काय करू?

उत्तर : तू करतेस ते काम मला या सगळ्यात जास्त आवडलं, कारण रॅपमध्ये धूर नाही, वास नाही, गाडीचा मूळ रंग खाली शाबूत राहतो आणि नको झालं की काढता येतं. फ्लॅटमध्ये होण्यासारखं हेच एक काम आहे.

कडा सुटतात त्याचं आधी बघू. तू कुठलं व्हिनाइल वापरतेस ते लिहिलं नाहीस पण माझा अंदाज आहे की कॅलेंडर्ड. ते रोलरमधून दाबून लाटून काढलेलं असतं, त्याच्यात ओढलं गेल्याचा ताण तसाच राहतो, ऊन लागलं की ते मूळ मापाला जायला बघतं आणि आकसतं. सपाट पॅनेलवर, दुकानाच्या बोर्डावर ते चांगलं चालतं, स्वस्त पण पडतं. पण बाइकची टाकी म्हणजे दोन्ही बाजूंनी गोल, तिथं कास्ट व्हिनाइलच पाहिजे, ते पातळ असतं आणि वळणावर बसलं की बसूनच राहतं. दर जास्त आहे, म्हणून गिऱ्हाइकाला दोन्हीचे तुकडे हातात देऊन निवडू दे, आणि कॅलेंडर्ड निवडलं तर टाकी करायची नाही, फक्त साइड पॅनेल, एवढं ठरवून टाक.

आता हाताचं काम. पॅनेल शाम्पूने धुतल्यावर पण त्यावर वॅक्सचा, सिलिकॉन पॉलिशचा थर राहतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढ, विशेषतः कडेच्या आत वळलेल्या भागात बोट घालून, घाण तिथंच बसलेली असते. फिल्म ओढून ओढून बसवू नकोस, हीट गनने गरम करून सैल सोडायची आणि मधून कडेकडे स्क्वीजी (फिल्म दाबायची पट्टी) मारायची. कड आत किमान बोटाच्या पेराएवढी वळव. आणि सगळं झाल्यावर वळणं आणि कडा परत एकदा गरम करायच्या असतात, फिल्मच्या कंपनीने दिलेल्या तापमानाला, त्याने फिल्म आपला जुना आकार विसरते. बहुतेक लोक हे शेवटचं गरम करणं सोडून देतात, आणि नेमक्या त्यांच्याच कडा सुटतात. ब्लेडने गाडीवर कापू नकोस, रंगावर रेघ पडते आणि ती रॅप काढल्यावर दिसते, नाइफलेस टेप म्हणून दोऱ्याची टेप मिळते ती वापर. पंखा बंद, खिडकी बंद, फरशी ओल्या फडक्याने पुसलेली, एवढं केलंस की फिल्मखाली धूळ येत नाही.

बाबांचं म्हणणं मला पटतं आणि त्यावर सोपा मार्ग आहे. गाडी घरी येऊच देऊ नकोस, सुटे भागच घरी येऊ देत. टाकी, मडगार्ड, साइड पॅनेल एखाद्या ॲक्सेसरीजच्या दुकानात खोलले जातात, तिथून तू नेणार आणि तिथंच परत देणार. दुकानदार गिऱ्हाईक सांभाळेल, तू नगावर मजुरी घेशील, त्याने त्याचा वाटा ठेवला तरी चालेल कारण उधारी त्याच्या डोक्यावर. मुलगी म्हणून विचार करतात त्यांना तोंडी काही पटवत बसू नकोस. एक जुना मडगार्ड भंगारातून घे, अर्धा कास्टमध्ये रॅप कर, अर्धा तसाच ठेव, आणि तो घेऊन दुकानात जा, कडेला नख लावून बघा म्हणावं. आणि फोटो काढताना लांबून अख्ख्या गाडीचा काढण्यापेक्षा कडेचा, वळणाचा, जोडाचा जवळून काढ, कामातलं कळणारा माणूस तेवढंच बघतो.

दोन गोष्टींत मात्र जपून राहा. एक हेल्मेट, त्याला नाहीच म्हण. हेल्मेटच्या प्लॅस्टिक कवचाला रंगातलं थिनर, चिकटद्रव्य लागलं की ते कमकुवत होऊ शकतं, हेल्मेट बनवणारेच तसं करू नका म्हणून सांगतात. पोरं आग्रह करतील मॅचिंग पाहिजे म्हणून, तरी नाही. दुसरं, अख्ख्या गाडीचा रंग बदलेल असा रॅप. आरसीवर रंगाची नोंद असते, लाल गाडी काळी झाली तर मालकाने आरटीओत नोंद करून घ्यायला हवी, हे बिलावर एका ओळीत लिहून त्याची सही घे. ऑलिव्ह ग्रीन मागितला तर स्पष्ट नकार, केंद्रीय मोटार वाहन नियमांत तो रंग संरक्षण दलाच्या गाड्यांसाठी राखून ठेवलाय.

प्रश्न : साताऱ्याहून लिहितोय. माझं छोटं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, वायरिंगची आवड आहे म्हणून संध्याकाळी बाइकला एलईडी, हॉर्न वगैरे बसवून देतो. पण गिऱ्हाईक येतं ते मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, फॅन्सी नंबर प्लेट, फ्लॅशर असंच मागतं. पैसा त्यातच आहे असं सगळे म्हणतात. बसवणाऱ्याला काही होतं का? दंड तर गाडीवाल्याला होतो ना?

उत्तर : भाऊ, रस्त्यावरचा दंड गाडीवाल्याला होतो हे खरं, पण तुमच्याकडून काम करून घेतलेल्या पोराला आठवड्यात चौकात अडवला की तो पहिला फोन तुम्हालाच करणार, आणि तुमचं दुकान गावात आहे, तुम्हाला तिथंच राहायचंय.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर जे लिहिलंय आणि कंपनीने जे मूळ दिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, त्यात परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे लक्षात घ्या. आवाजाचं वेगळं, १९० (२) खाली पहिल्याच गुन्ह्याला १० हजारापर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्स ३ महिने जातं. पुण्यात, नागपुरात पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून वरून रोडरोलर फिरवला, ते फोटो तुम्ही बघितले असतीलच. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, रात्री अकराला दवाखान्यासमोरून फटाके फोडत जाणारी बुलेट कुणाच्या आईची झोप मोडते, हे मला महत्त्वाचं वाटतं. मी हे काम कधी केलं नाही आणि कुणाला सुचवणारही नाही.

नंबर प्लेटचं तर दुकानच बंद झाल्यात जमा आहे. ४१४१ चा "दादा" आणि ८०५५ चा "बॉस" करून देणाऱ्यांची एकेकाळी चलती होती, पण १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच येते आणि जुन्या गाड्यांनाही ती आता सक्तीची आहे. त्यात हात घालू नका.

आता तुमच्या वायरिंगच्या हाताला काम काय, ते सांगतो. जास्तीचे स्पॉट लाइट पुढं लावायचे तर नियम १११ प्रमाणे ते विनापरवानगी चालत नाहीत, मल्टिटोन हॉर्न चालत नाही, लाल-निळा फ्लॅशर तर नाहीच नाही. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी बल्ब कोंबला की प्रकाश रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त जातो, कारण रिफ्लेक्टरचा आकार हॅलोजनच्या तारेच्या जागेप्रमाणे केलेला असतो. पण दुसऱ्याने केलेली अशी चुकीची वायरिंग दुरुस्त करायचं काम भरपूर आहे आणि ते करणारा माणूस गावात मिळत नाही. बघा, कुणीतरी ४० वॅटचे दोन लाइट लावलेत, म्हणजे ८० वॅट, १२ व्होल्टला जवळपास पावणेसात अँपिअर, आणि हे सगळं हँडलच्या बारक्या स्विचमधून नेलंय, रिले (जास्तीचा करंट स्विचमधून न जाऊ देणारा) नाही, फ्यूज नाही. स्विच वितळतो, वायर टाकीखाली घासून उघडी पडते, आणि टाकीखालीच. हे काढून मूळ हार्नेस (गाडीच्या वायरचा जुडगा) पूर्ववत करणं, जळलेले कपलर (वायर जोडायचे प्लग) बदलणं, बॅटरी रात्रीत का उतरते ते शोधणं, मोबाइल चार्जर बसवायचा तर रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज टाकून, मूळ वायर न कापता कपलरने जोडणं. वायर कापली की कंपनीची वॉरंटी अडते, कपलरने जोडली की उद्या काढून ठेवता येते. टुरिंगला जाणारे लोक या कामाला चांगले पैसे देतात, महाबळेश्वर, कास, कोकण सगळं तुमच्या दारावरून जातंय.

मागचा मडगार्ड, साडी गार्ड, मागच्या सीटची पकड काढून द्या म्हणणारे येतील. नियम १२३ मध्ये पकड आणि चाक झाकणारा गार्ड सक्तीचे आहेत, मागचं निम्मं चाक तरी झाकलेलं पाहिजे असं तिथं लिहिलंय, आणि ते ज्यामुळे लिहिलंय ते अपघात, ओढणी-पदर चाकात जाण्याचे, आपण सगळ्यांनी ऐकलेत. काढून देऊ नका. कुणी आधीच काढलेलं असेल तर बसवून द्या.

प्रश्न : मी अमरावतीला राज्य सरकारच्या कार्यालयात लिपिक आहे. जुना चेतक आणि आरएक्स हंड्रेड दोन्ही मी स्वतः उभ्या केल्यात. आता भंगारातून जुन्या गाड्या घेऊन, रिस्टोअर करून विकाव्यात असा विचार आहे, शनिवार-रविवार मोकळाच असतो. सल्ला द्यावा.

उत्तर : साहेब, तुमच्या नोकरीमुळे तुम्हाला इतरांपेक्षा वेगळं सांगावं लागतंय. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ प्रमाणे शासनाच्या परवानगीशिवाय खाजगी व्यापार-धंदा करता येत नाही. तेव्हा आधी रीतसर अर्ज करून लेखी उत्तर घ्या. बायकोच्या किंवा भावाच्या नावावर करून टाका असा सल्ला लोक सहज देतात, मी देणार नाही, कारण घरच्यांचा धंदा असला तरी तो कार्यालयाला कळवावा लागतो आणि काम तुम्हीच करताय हे उघड असतं.

परवानगी मिळाली तरी घेऊन विकणं हा मार्ग मला पार्टटाइमला बरोबर वाटत नाही. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री धंदा म्हणून करणाऱ्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकारपत्र लागतं. शिवाय पैसा अडकतो, गाडी चोरीची निघाली तर नोकरीवर येतं. त्यापेक्षा लोकांच्या स्वतःच्या गाड्या उभ्या करून द्या, मजुरी घ्या. वडिलांचा चेतक पावसात सडत पडलाय आणि तो टाकवत नाही अशी घरं विदर्भात कमी नाहीत. चेतक १९७२ ला आला आणि २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटर बंद करायचं जाहीर केलं, म्हणजे दोन-तीन पिढ्यांची बालपणं त्याच्या पुढच्या फूटबोर्डवर उभी राहून गेलीत. आरएक्स हंड्रेड १९८५ ते १९९६ एवढीच निघाली, म्हणून तिचे भाव आणि तिचे नकली पार्ट दोन्ही वाढलेत.

काम घेण्याआधी आरसी बघायची, सरकारी एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघायचा, चेसी आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्याने जुळवायचे. नोंदणी १५ वर्षांनी आणि पुढं दर ५ वर्षांनी नवी करावी लागते, ती संपलेली असेल तर मालकाला आधीच सांगा की रस्त्यावर आणायचा खर्च वेगळा, फिटनेस वेगळं. आणि फ्रेम पावडर कोटिंगला पाठवताना चेसी नंबरची जागा उष्णता सहन करणाऱ्या टेपने झाका. सँडब्लास्टिंगने अंक झिजतात, वरून पावडरचा जाड थर बसतो, आणि मग आरटीओ इन्स्पेक्टर टॉर्च मारून बघतो तेव्हा नंबर वाचताच येत नाही. पूर्ण महिन्याचं सुंदर काम या एका बोटभर जागेपायी अडकतं. कोटिंगवाल्याला तोंडी सांगून भागत नाही, टेप तुम्ही स्वतः लावून पाठवा.

५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी आली तर तिचं सगळंच वेगळं, २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरात व्हीए अक्षरं येतात आणि पहिल्या नोंदणीची फी २० हजार आहे. तिथं तुमच्या आवडीचा मेटॅलिक रंग मारून द्यायचा मोह टाळा, मूळपण गेलं तर ती नोंदणीच हातची जाऊ शकते.

प्रश्न : बारामतीहून. माझे मिस्टर नोकरी करून गाड्यांचं काम घेतात, सीट, रंग, स्टिकर सगळं. रविवारी घरात नसतातच, रात्री बारापर्यंत शेडमध्ये. लोक त्यांचं कौतुक करतात, मला पण अभिमान आहे, पण पैसा कुठं दिसत नाही आणि मुलं बाबा कधी येणार विचारतात. मी कॉमर्स शिकलेय, फोन मीच घेते, निरोप मीच देते. मी काही बोलले की म्हणतात तुला यातलं कळत नाही. कसं समजावू?

उत्तर : ताई, तुम्हाला यातलं कळतं, आणि जे कळतं नेमकं तेच त्या शेडमध्ये कमी आहे. भांडण्यापेक्षा सरळ एक वही घ्या. दर गाडीला एक पान. गाडी आली ती तारीख, नंबर, किलोमीटर, ओरखडे कुठं होते त्याचे फोटो (हे फार कामाला येतं, नेताना लोक म्हणतात हा डेंट तुमच्याकडं पडला), काय काम ठरलं, आगाऊ किती, सामान किती, आणि शेवटी तास. तास त्यांनाच लिहायला लावा, ते टाळतील, तरी लिहायला लावा. दोन महिने काही बोलू नका, फक्त लिहा. मग एका बाजूला जमा, एका बाजूला सामान, उरलेल्याला तासांनी भागा आणि वही त्यांच्यासमोर ठेवा. त्यांच्या नोकरीच्या तासाच्या दराशेजारी तो आकडा ठेवला की तुम्हाला समजवावं लागणार नाही.

सीटचं काम ते करतात असं लिहिलंय, बहुतेक तिथंच पैसा असेल, रंगात दिसणार नाही. फोम कापून, रेक्झिन शिवून सीट एका दिवसात होते, वाळायची वाट बघावी लागत नाही, आरसीचा संबंध येत नाही, फक्त दोघांची सीट काढून एकाची करायची नाही कारण आसनसंख्या आरसीवर असते. वहीत तसंच निघालं तर रंगाची कामं कमी करून सीटची वाढवा असं आकड्यानिशी सांगता येईल तुम्हाला.

रविवारचं असं करा, महिन्यातले दोन रविवार शेड बंद, आणि हे गिऱ्हाइकाला फोनवर तुम्हीच सांगायचं, त्यांना सांगता येणार नाही, त्यांचा स्वभाव नाही म्हणायचा नाही असं दिसतंय. आलेली गाडी चालवून बघायला कुणाला देऊ नका, शेडमध्ये उभ्या गाडीची जबाबदारी तुमच्यावर असते, म्हणून इन्शुरन्स चालू आहे का ते गाडी घेतानाच बघा, संपलेला असेल तर काम घेऊ नका. धंद्याचं बँक खातं वेगळं काढा, यूपीआयचा क्यूआर त्या खात्याचा लावा, आणि फोन, हिशोब, सामानाची यादी हे सगळं तुम्ही करताय तर त्या वहीत दर महिन्याला तुमच्या नावाने पण एक ठरलेली रक्कम खर्चात धरायची, भले ती सुरुवातीला छोटी असू दे. ती धरली की मगच गाडीचा खरा दर निघतो. दोन महिन्यांनी वहीतल्या त्या पानांचे फोटो पाठवा, नावं झाकून, सीट आणि रंगाचे दर आपण बसून नीट ठरवू.